मुख्यमंत्री महोदय, गडचिरोलीच्या जंगलाला धनी आहे

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा

विषय : शांततेनंतरच्या गडचिरोलीत जंगल-जमिनीचा कारभार ग्रामसभांच्या हाती ठेवण्याबाबत

महोदय,

भूपती या नावाने ओळखला जाणारा नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऑक्टोबर 2025 मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीत आला आणि आपल्यासमोर त्याने शस्त्र खाली ठेवले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी नक्षलवादी तारक्कानेही आपल्यापुढेच आत्मसमर्पण केले होते. 1980 च्या सुमारास आंध्रातून प्राणहिता ओलांडून दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र पथके, या जिल्ह्यात शिरले, तेव्हापासून इथल्या दोन पिढ्या या लढाईत वाढल्या. मी कोरची-कुरखेडा भागात ग्रामसभांसोबत काम करते. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळ स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला, ती जागा आमच्या येण्या-जाण्याच्या भागातली आहे. बंदुका खाली ठेवल्या गेल्या याचे मोल काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्यासाठी आपले आणि पोलीस दलाचे मनापासून अभिनंदन करते.

आता पुढचे बोलायचे आहे. बंदुका गेल्यावर या जंगलाबद्दलचे निर्णय कोण घेणार?

गडचिरोलीला देशाचे पोलाद केंद्र करण्याचा संकल्प आपण अनेकदा बोलून दाखवला आहे. त्या संकल्पाभोवती जी चर्चा चालते, तिच्यात एक समज न बोलता गृहीत धरलेली असते. नक्षलवाद्यांमुळे जंगल अडले होते, ते गेले, आता जंगल मोकळे झाले, असा तो समज. हे पत्र त्या समजाविरुद्ध आहे. जंगल मोकळे नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमीन सरकारचीच ठेवली, पण सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. तेंदू, बांबू यांसारख्या गौण वनोपजाची मालकीही गावाची झाली. म्हणजे पिढ्यानपिढ्या जो या जंगलाचा धनी होता, त्याला कायद्याने फक्त ओळखले. आणि या धन्याने लढाईच्या ऐन धुमाळीत, हातात कुठलेही शस्त्र न घेता, जंगल सांभाळून दाखवले आहे. इथे शांतता टिकायची असेल तर ती त्याला सोबत घेऊनच टिकेल.

आपण विदर्भाचे. मेंढा-लेखाचे नाव आपल्याला नवे नाही. तरीही धानोरा तालुक्यातल्या या छोट्या गोंड गावाची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण मंत्रालयातल्या सादरीकरणांत ती एका ओळीत उरकली जाते. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्यातून या भागातली माणसे एकमेकांशी बोलू लागली, आणि आपल्या जंगलाचे काय होते आहे याचा अभ्यास करू लागली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने मेंढ्यात अभ्यासगट बसायचा. गावात निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सर्वांच्या सहमतीने घ्यायचे, अशी रीत पडली. एकाचा जरी विरोध असला तरी बैठक पुन्हा बसते. वेळ जातो, पण झालेला निर्णय नंतर कुणी मोडत नाही. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा तिथली. तिच्यामागे अशा कित्येक कंटाळवाण्या, लांबलेल्या बैठका आहेत.

2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आणि याच जिल्ह्यातले मारदा. पण हक्काचा कागद मिळाला म्हणून हक्क चालू झाला नाही. गावाने बांबू विकायला काढला, तर वाहतूक परवाना द्यायला वनखाते तयार होईना. बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नाही, असे खात्याचे म्हणणे. कायद्याच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला होता, तरीही. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका गावाला स्वतःच्या बांबूसाठी एवढे करावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याआधी कित्येक वर्षे याच जिल्ह्यातला बांबू कागद कारखान्याला मातीमोल दराने जात होता आणि बुरडाला टोपलीपुरत्या काड्या मिळवायला वनखात्याच्या नाकेदाराच्या विनवण्या कराव्या लागत होत्या. पुढे 2013 मध्ये मेंढ्याने ग्रामदान कायद्याखाली गावातली शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले.

मेंढा एकटे राहिले असते तर ती एका चांगल्या गावाची गोष्ट म्हणून संपली असती. तसे झाले नाही. जिल्ह्यातल्या तेराशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यांचे क्षेत्र चार लाख हेक्टरांच्या वर जाते. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात एवढे काम झालेले नाही. हे सगळे नक्षलवाद ऐन भरात असताना झाले. 2009 हे मेंढ्याच्या हक्काचे वर्ष, आणि तेच वर्ष मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरीचे. एका बाजूला एकेका घटनेत पंधरा-सतरा पोलीस शहीद होत होते, आणि दुसरीकडे त्याच जिल्ह्यातल्या गावांत म्हातारी माणसे तरुण पोरांना घेऊन शिव फिरत होती. हा नाला आमचा, त्या पहाडापलीकडचे मोहाचे रान शेजारच्या गावाचे, इथून पुढे देवराई, तिच्यात कुऱ्हाड चालत नाही. पोरांच्या हातात जीपीएस, म्हाताऱ्यांच्या तोंडात खुणा. शेजारच्या गावाने सही दिल्याशिवाय नकाशा पुढे जायचा नाही, म्हणून दोन गावांच्या बैठका व्हायच्या. शिवेवरून वाद निघाले, ते जागेवर मिटले. हा नकाशा काढायला ना पोलीस लागले ना दलम.

तेंदूचे सांगते, कारण पैशाचा आणि बंदुकीचा संबंध तिथे सगळ्यात जवळून दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटकटाई, म्हणजे नवे पान फुटावे म्हणून झुडपांची छाटणी होते, एप्रिलअखेर नवी कोवळी पाने येतात आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांत सगळे काम उरकावे लागते. बाया पहाटे अंधारात निघतात. दहा-अकराला ऊन चढायच्या आत पानांचे ओझे डोक्यावर घेऊन परततात. मग घरातली सगळी माणसे, म्हातारीपासून शाळेतल्या पोरापर्यंत, ओसरीत पुडे बांधायला बसतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, पुडे ओळीने मांडायचे आणि मोजून द्यायचे. पूर्वी इथे कंत्राटदाराचा मुंशी उभा असायचा. तो म्हणेल तेवढे पान खराब, तो म्हणेल तेवढे जास्तीचे पुडे द्यायचे. भाव वनखात्याच्या लिलावात ठरायचा, कुठे ठरला हे तोडणाऱ्या बाईला कधी कळले नाही. हे सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ऐंशीच्या दशकात तेंदूची मजुरी वाढली ती दलमांच्या धाकाने वाढली. गावात त्यांना जागा मिळाली त्यामागे ते एक कारण होते. सरकारी यंत्रणेने न्याय्य भाव दिला असता तर तो बंदुकीने द्यायची वेळ आली नसती. आणि त्याच धाकाची दुसरी बाजू अशी की कंत्राटदाराकडून वसुली होऊ लागली, त्याच्या गोण्या जाळल्या जाऊ लागल्या, आणि तेंदूचा हंगाम म्हणजे नक्षल्यांच्या खर्चापाण्याचा हंगाम झाला.

ग्रामसभांनी लिलाव हाती घेतला तेव्हा हे सगळे उलटे झाले. 2014 मध्ये राज्याचे पेसा नियम, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम आले, त्याच वर्षी राज्यपालांच्या अधिसूचनेने तेंदू आणि बांबूवरचा ग्रामसभांचा अधिकार आणखी पक्का झाला. पाच-पन्नास गावे एकत्र येऊन वर्तमानपत्रात जाहिरात देऊ लागली. निविदा सगळ्यांसमोर फोडल्या जातात, करारनामा मोठ्याने वाचला जातो. फळीवर आता गावानेच नेमलेला पोरगा वही घेऊन बसतो आणि प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर आकडा चढतो. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, आणि दोन्ही बँकेतून. कोरची तालुक्यात तर नव्वदच्या आसपास ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा उभी राहिली आहे. रॉयल्टीतला काही हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात राहतो. त्यातून वणव्याच्या दिवसांत राखणदार नेमतात, कुणी आजारी पडला तर उसने पैसे देतात. तेंदूने आणखी एक गोष्ट शिकवली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणेच बंद केले. पानासाठी झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, फळ धरत नाही, जंगलाचे नुकसान होते, म्हणून. बांबूवर गावाचे भागते, मग तेंदू राहू द्या, असे त्यांनी ठरवले. हातचा पैसा सोडून जंगल राखण्याचा ठराव कुठल्या खात्याने कधी केल्याचे मला आठवत नाही.

या काळात गावाने काय सोसले तेही आपल्या कानावर घालते. रात्री दलम यायचे, सकाळी पोलीस. रात्री जेवण दिले म्हणून सकाळी जाब, सकाळी पोलिसांशी बोलला म्हणून रात्री 'खबऱ्या' ठरवून रस्त्यावर प्रेत. या जिल्ह्यात नक्षल्यांनी शेकडो सामान्य माणसांचे जीव घेतले, त्यांत बहुसंख्य आदिवासी होते, सरपंच होते, पाटील होते, गावचे शहाणे होते. ग्रामसभेच्या बैठकीत बोलायला उठणारा माणूस दोन्हीकडून नजरेत यायचा. तेंदूचे पैसे पुढे कुणाला जातात, अशी विचारणा ग्रामसभेच्या अध्यक्षांना ठाण्यात बोलावून झालेली मी स्वतः पाहिली आहे. वही पुढे केली, एकेक पावती दाखवली, तेव्हा ते परत आले. आणि पुढच्या आठवड्याला बैठक ठरल्या वारी झाली. सरकारने ज्या लोकशाहीसाठी जवान पाठवले, ती या गावांनी अशी चालू ठेवली होती, महोदय. तिची नोंद कुठल्याही शौर्यपदकात नाही. तशी अपेक्षाही नाही.

म्हणूनच पुढे जे लिहिते आहे ते तक्रार म्हणून नाही, हक्काने लिहिते.

सूरजागडचे उदाहरण घेऊ. एटापल्ली तालुक्यातल्या त्या पहाडावर 348 हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये दिला गेला. तेव्हा वनहक्क कायदा संमत झाला होता आणि त्याचे नियम यायचे होते. त्या पहाडावर ठाकूरदेव आहे, दरवर्षी जानेवारीत सत्तरएक गावांचा इलाका तिथे यात्रेला जमतो. माडिया समाजाच्या रचनेत गाव आणि इलाका या दोन्ही पातळ्यांना अर्थ आहे. गायता आणि भूमिया हे गावातले परंपरेचे मानकरी गावचे पाहतात, इलाका पहाडाचे आणि देवाचे. प्रत्यक्ष खाण 2016 पासून सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षल्यांनी तिथली पंच्याहत्तरहून जास्त वाहने जाळली. त्या जाळपोळीचे समर्थन आम्ही कधी केले नाही. पण तेव्हापासून एक विचित्र गणित रूढ झाले. खाणीला विरोध म्हणजे नक्षल्यांचे बोलणे. देवाचा पहाड राखायला ठराव करणारी ग्रामसभा आणि ट्रक जाळणारे दलम यांना एकाच रांगेत बसवले गेले. 2023 मध्ये तोडगट्टा इथे गावे अडीचशेहून अधिक दिवस ठिय्या देऊन बसली होती, निःशस्त्र, आपल्या ग्रामसभांचे ठराव हातात घेऊन. ते आंदोलन नोव्हेंबरात उठवले गेले. दरम्यान खाणीची क्षमता वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली, आणि आता त्याहूनही कितीतरी पुढे जायची परवानगी झाली आहे. खनिज शुद्धीकरणासाठी आणखी नऊशेहून अधिक हेक्टर जंगल आणि लाखावर झाडे जाणार आहेत.

मी खाणीच्या बाजूची किंवा विरोधातली म्हणून हे लिहीत नाही. लोहखनिजावर चालणाऱ्या कोनसरीच्या कारखान्यात आमच्या ओळखीची पोरे नोकरीला आहेत, त्यांच्या घरात पहिल्यांदा पगार येतो आहे, हे मला माहीत आहे. ज्यांच्या जंगलातून हे सगळे होते आहे त्यांना विचारण्याची जी पद्धत कायद्याने घालून दिली, ती पाळली गेली का, एवढाच प्रश्न आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे 3 ऑगस्ट 2009 चे परिपत्रक होते. जंगल वळते करण्याआधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झालेली असावी आणि ग्रामसभेची संमती असावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 च्या निकालात देवाच्या पहाडाचा प्रश्न ग्रामसभांपुढेच ठेवायला सांगितला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला, आणि तो नकार सरकारला मानावा लागला. तिथे जे झाले ते इथे व्हायला अडचण कोणती होती?

सूरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. एटापल्लीच्या आतल्या गावातून गडचिरोली गाठायची म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास, एक दिवसाची मजुरी बुडवून. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ घ्यावी, असे 2006 ची पर्यावरण अधिसूचना सांगते. तेव्हा कारण सुरक्षेचे दिले जायचे. आता ते कारण उरलेले नाही, आणि हे आपणच जाहीर केले आहे.

दुसरी काळजी 2023 च्या वनसंवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीची. कडव्या डाव्या हिंसाचाराने बाधित भागात सार्वजनिक उपयोगाच्या कामांसाठी पाच हेक्टरपर्यंत जंगल घेताना जुनी परवानगी लागणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. संघर्ष चालू होता तेव्हा या सवलतीचे कारण तरी सांगता येत होते. संघर्ष संपला असे आपण म्हणतो, तर त्याच्या नावाने मिळालेली सवलत पुढे चालू ठेवण्याचा आधार काय? गावे अडवणूक करतात हा आरोप खरा नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, तलाव यांसाठी एक हेक्टरपर्यंत जागा ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. आमच्या भागात अशा शिफारशींचे ठराव गावांनी आपणहून करून दिले आहेत. कित्येक ठरावांवर पुढे काम सुरू व्हायलाच वर्षे गेली. रस्ता गावालाच हवा असतो, गरोदर बाईला खाटेवर घालून नाला ओलांडायची हौस कुणालाही नाही.

कागदावर मिळालेला हक्क रानात कसा अडतो, तेही आपण पाहायला हवे. 2012 च्या सुधारित नियमांनुसार मान्य झालेल्या हक्कांची नोंद महसूल आणि वनखात्याच्या दप्तरी व्हायला हवी. बहुतेक गावांची ती झालेली नाही. परिणाम असा की नवा अधिकारी येतो, त्याच्या नकाशात ग्रामसभेचे जंगल नसते, असतो तो नुसता कक्ष क्रमांक. मग तिथे खात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पाडले जातात. गावाने राखलेले रान वनविकास महामंडळाच्या सागवान लागवडीसाठी साफ होते. ग्रामसभेचा स्वतःचा व्यवस्थापन आराखडा असतो, त्यात मोह राखायचा, चारोळी वाढवायची, अमुक नाल्याकाठी कुऱ्हाड नाही, असे ठरलेले असते. पण तो आराखडा कुणी उघडून वाचत नाही. एकाच जंगलाचे दोन नकाशे आणि दोन आराखडे असले की भांडण ठरलेले. आणि भांडणात गुन्हा दाखल होतो तो गावकऱ्यावर.

ग्रामसभांमध्ये सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी चार शिकलेले लोक वही ताब्यात घेऊन बसतात. काही गावांत कंत्राटदाराने दोन-तीन जणांना हाताशी धरून स्वस्तात करार केले, आणि काही कंत्राटदार चढा भाव बोलून नंतर पैसे बुडवून गेले. हिशोबतपासणी वेळेवर होत नाही. बायका फळीवर सगळे काम करतात, पण बैठकीत मागे बसतात, ही गोष्ट आम्हा बायकांना सगळ्यात जास्त खुपते. या सगळ्यावर उपाय आहेत. लेखापालाचे प्रशिक्षण द्या, करार मोडणाऱ्या कंत्राटदाराची वसुली महसुली थकबाकीसारखी करण्याची सोय करा, दर वर्षी सामाजिक अंकेक्षण ठेवा. पण ग्रामसभा चुकते म्हणून अधिकार काढून घ्यायचा, हा न्याय आपण आजवर कुठल्या महामंडळाला लावलेला नाही.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते मोठे नाही, आणि त्यातले बहुतेक आपल्या सहीने होण्यासारखे आहे. उरलेल्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढा, विशेषतः भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागातले. तिथे नक्षलवादाचे कारण सांगून मोजणी वर्षानुवर्षे थांबली होती आणि आज तिथे जायला कुणाला भीती नाही. माडिया हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कलम 3(1)(ई) खालचा त्यांचा अधिवासाचा हक्क इलाक्यांना विचारून मान्य करा. मध्य प्रदेशात बैगा समाजाला तो मिळू शकतो, तर गडचिरोलीत मिळायला काही अडसर असू नये. मान्य झालेल्या प्रत्येक हक्काची दप्तरी नोंद करा, आणि ग्रामसभेचा आराखडा खात्याच्या आराखड्यात बसवल्याशिवाय त्या क्षेत्रात कूप पाडू नका. रोजगार हमीची कामे थेट ग्रामसभेला अंमलबजावणी यंत्रणा म्हणून द्या, ते शक्य आहे हे काही गावांत आधीच सिद्ध झाले आहे. खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी कुठे खर्च व्हावा हे बाधित गावांच्या ग्रामसभांना ठरवू द्या, पैसा त्यांच्या पहाडातून आला आहे.

आणि जे तरुण आज जंगलातून परत येत आहेत, त्यांच्याबद्दल एक विनंती. त्यांच्यातले पुष्कळ इथल्याच गावचे आहेत. पुनर्वसनात घर, पैसे, नोकरी दिली जाते, ते चांगलेच. पण हा माणूस शेवटी गावातच राहणार आहे, आणि ज्या गावातला कुणी त्याच्या दलमने मारला असेल त्या गावातही त्याला वावरायचे आहे. हा सलोखा पोलीस ठाण्यात होत नाही. तो ग्रामसभेत, दोन्ही घरे समोरासमोर बसवून, आमच्या रीतीने करावा लागेल. त्यासाठी ग्रामसभेचा शब्द गावात मोठा असला पाहिजे. ज्या ग्रामसभेला स्वतःच्या जंगलाबद्दल कुणी विचारत नाही, तिचा शब्द तो तरुण तरी कशाला मानेल? चाळीस वर्षांपूर्वी दलमांना इथे जागा मिळाली ती तेंदूच्या भावामुळे आणि नाकेदाराच्या काठीमुळे. ती जागा आज रिकामी आहे. तिथे विश्वास बसवायचा की पुन्हा संताप साठू द्यायचा, हे येत्या दोन-तीन वर्षांतल्या आपल्या निर्णयांवर ठरेल.

आपण पालकमंत्री म्हणून जिल्ह्यात येता तेव्हा कार्यक्रम मोठे असतात आणि वेळ थोडा. तरीही एकदा हेलिपॅडपासून दूर, एखाद्या ग्रामसभेच्या नेहमीच्या बैठकीला येऊन बसा. भाषणाची गरज नाही. गोंडी-माडियात चालणारी चर्चा समजावून सांगायला पोरे आहेत. आणि एटापल्ली असो की कोरची, यापुढच्या खाणीची जनसुनावणी जेव्हा ठरेल, तेव्हा तिची जागा जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवू नका. ज्या गावाचे जंगल जाणार आहे त्या गावात ठेवा, सूचनेचा मजकूर महिनाभर आधी गोंडी-माडियातून गावोगाव वाचून दाखवा, आणि ग्रामसभेने दिलेला निर्णय, तो होकार असो की नकार, जसाच्या तसा इतिवृत्तात लिहून घ्या. मंडप आम्ही घालू.

आपली,
कोरची-कुरखेडा भागातल्या ग्रामसभांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती